विवाद्य धर्मनामे व संदिग्ध संक्षेप : न्याय्य व्याख्येचा प्रश्न
(कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :

धर्म, पंथ व संप्रदाय यांची नावे ही केवळ ओळखीची साधने नसतात. त्यांच्याशी विधीचा अधिकार, मंदिरप्रवेश, विवाह व वारसा यांचे नियम, शैक्षणिक सवलती आणि समाजातील प्रतिष्ठा जोडलेली असते. त्यामुळे कोशात, पाठ्यपुस्तकात, शासकीय नोंदवहीत अथवा संशोधनलेखात अशा नावाची व्याख्या करणारी व्यक्ती नकळत एखाद्या वादाचा निवाडा करीत असते. प्रस्तुत लेखात कोल्हापूर व दक्षिण महाराष्ट्रातील 'वेदोक्त', 'जैन', 'लिंगायत', 'वीरशैव', 'नवबौद्ध' इत्यादी संज्ञांच्या आधारे हा प्रश्न स्पष्ट केला असून, मराठी लेखनात रूढ असलेल्या संदिग्ध संक्षेपांचाही विचार केला आहे. व्याख्या कोणाची, कोणत्या काळातील व कोणत्या हेतूची आहे हे सांगितल्याशिवाय ती न्याय्य ठरत नाही, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : धर्मनाम, व्याख्या, संक्षेप, वेदोक्त, जैन, लिंगायत, वीरशैव, नवबौद्ध, कोशलेखन.

१. प्रस्तावना

मराठीत कोशलेखनाची परंपरा समृद्ध आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश हे या परंपरेचे दोन ठळक टप्पे होत. अशा कोशांत 'पर्वत' अथवा 'बाष्पीभवन' यांसारख्या नोंदी लिहिताना लेखकापुढे अचूकतेचा प्रश्न असतो. धर्मनामाची नोंद लिहिताना मात्र अचूकतेबरोबरच न्यायाचाही प्रश्न उभा राहतो. कारण पर्वताला स्वतःच्या व्याख्येविषयी मत नसते, धर्मसमूहाला असते. शिवाय एकाच समूहातील सर्वांचे मत एकच असेल, असेही नाही.

हा प्रश्न केवळ कोशकारांपुरता मर्यादित नाही. शाळेत प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये धर्म व जात लिहिणारा लिपिक, इतिहासाचा धडा शिकविणारा शिक्षक, प्रबंधाची प्रश्नावली तयार करणारा संशोधक आणि बातमी लिहिणारा वार्ताहर हे सर्वजण दररोज व्याख्या करीत असतात. लिपिकाने एका मिनिटात लिहिलेली नोंद त्या विद्यार्थ्याच्या नातवंडांच्या जात पडताळणीत पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि जुने मोडी व मराठी दप्तर उघडले गेले. पूर्वी कोणी काय लिहिले याला केवढे वजन प्राप्त होते, हे यावरून लक्षात येते.

कोल्हापूर परिसर या विषयाच्या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत येथे विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग (१९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६), वीरशैव लिंगायत वसतिगृह (१९०७), मिस क्लार्क बोर्डिंग (१९०८) ही त्यांपैकी काही नावे होत. या फलकांवरील प्रत्येक शब्दामागे एका समूहाने स्वतःला कसे ओळखले, याचा इतिहास आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) धर्मनामे विवाद्य का होतात, हे स्थानिक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
२) मराठी लेखनातील संदिग्ध संक्षेपांमुळे होणारा अर्थविपर्यास दाखविणे.
३) न्याय्य व्याख्येसाठी उपयोगी पडतील अशी सूत्रे सुचविणे.

कोणता समूह कोणत्या धर्मात मोडतो, याचा निर्णय करणे हे या लेखाचे उद्दिष्ट नाही.

३. धर्मनामाची चार कार्ये

एकच धर्मनाम किमान चार वेगवेगळी कामे करीत असते. पहिले कार्य आत्मनामाचे. समूह स्वतःस काय म्हणवतो ते यातून कळते. दुसरे कार्य सिद्धान्ताचे. त्या नावाखाली कोणती तत्त्वे व आचार मान्य केले जातात ते यात येते. तिसरे कार्य कायद्याचे. विशिष्ट अधिनियम कोणास लागू होतो, हे ठरविण्यासाठी ते नाव वापरले जाते. चौथे कार्य परनामाचे. इतर लोक त्या समूहास काय म्हणतात, प्रसंगी कोणत्या हेटाळणीने म्हणतात, ते यातून दिसते.

बहुतेक वाद या चार कार्यांची गल्लत झाल्यामुळे चिघळतात. 'हिंदू' हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या दुसऱ्या कलमानुसार तो कायदा वीरशैव, लिंगायत तसेच ब्राह्मो, प्रार्थना व आर्य समाजाचे अनुयायी यांसह धर्माने हिंदू असणाऱ्यांना लागू होतो. आणि बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू होतो. मात्र त्याच कलमात असेही स्पष्ट केले आहे की, जी व्यक्ती धर्माने हिंदू नाही, परंतु जिला हा कायदा लागू होतो, तिचाही समावेश या अधिनियमापुरता 'हिंदू' शब्दात समजावा. म्हणजे कायद्याने स्वतःच आपली व्याख्या कामापुरती असल्याचे मान्य केले आहे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील दुसरे स्पष्टीकरणही अशाच स्वरूपाचे आहे. सामाजिक सुधारणा व हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणे यासंबंधीच्या उपखंडात 'हिंदू' या उल्लेखात शीख, जैन व बौद्ध यांचा अंतर्भाव करण्यात आला आहे. या तरतुदी वाचून 'जैन हे हिंदूच होत, असे संविधान म्हणते' असे विधान करणे जसे चूक, तसेच 'कायद्याला जैन हे हिंदूंपासून पूर्णतः वेगळे वाटतात' असे म्हणणेही चूक आहे. कायदा येथे प्रयोजन सांगतो, श्रद्धा सांगत नाही.

'हिंदू' शब्दाच्या सैद्धान्तिक व्याख्यांतही एकवाक्यता नाही. लोकमान्य टिळकांच्या व्याख्येत वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता व उपास्याविषयी नियमाचा अभाव या गोष्टींना महत्त्व आहे. स्वा. सावरकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिंदुत्व' या ग्रंथात पितृभू व पुण्यभू या कसोट्या मांडल्या. पहिल्या व्याख्येनुसार वेदप्रामाण्य न मानणारे जैन व बौद्ध बाहेर राहतात. दुसरीनुसार ते आत येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये स्वामीनारायण संप्रदायाच्या सत्संगींसंबंधीच्या खटल्यात टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. तो निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला होता. सत्संगींनी आपण हिंदू नसल्याचा दावा केला होता, त्यामागे त्यांच्या मंदिरांत दलितांना प्रवेश द्यावा लागू नये हा हेतू होता, आणि न्यायालयाने तो दावा फेटाळला. व्याख्येचा प्रश्न वरकरणी तात्त्विक दिसला तरी तिच्या पाठीशी कोणाचा तरी हक्क उभा असतो, हे येथे स्पष्ट होते.

४. 'वेदोक्त' : नामकरणातच निवाडा

कोल्हापूरच्या इतिहासातील वेदोक्त प्रकरण सर्वपरिचित आहे. १८९९ मध्ये कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणले. छत्रपतींच्या घराण्याचे विधी वेदोक्त पद्धतीने व्हावेत, ही मागणी राजोपाध्यांनी नाकारली. पुढे १९०२ मध्ये राजोपाध्यांचे इनाम जप्त करण्यात आले. १९२० मध्ये महाराजांनी पाटगाव येथील मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव बेनाडीकर यांची क्षात्रजगद्गुरू म्हणून नियुक्ती केली.

या वादाचे मूळ 'क्षत्रिय' या नावाच्या व्याख्येत होते. कलियुगात ब्राह्मण व शूद्र हे दोनच वर्ण उरले आहेत, ही एका बाजूची भूमिका होती. भोसले घराणे क्षत्रिय असून शिवछत्रपतींचा १६७४ मधील राज्याभिषेक वैदिक विधीने झाला होता, ही दुसऱ्या बाजूची भूमिका होती. अशा स्थितीत एखाद्या कोशाने 'वेदोक्त म्हणजे त्रैवर्णिकांना विहित असलेला विधी' एवढेच लिहिले, तर ती व्याख्या वरकरणी निर्दोष असूनही अपुरी ठरते. 'त्रैवर्णिक कोण' हाच तर वादाचा विषय होता.

प्रकरणाला दिलेल्या नावातही पक्ष दिसतो. 'केसरी'ने ऑक्टोबर १९०१ मध्ये 'वेदोक्ताचे खूळ' या मथळ्याखाली अग्रलेख लिहिले. 'खूळ' म्हटल्याबरोबर मागणीची अयोग्यता गृहीत धरली जाते. उलट आजच्या काही लेखनात याच घटनेला 'वेदोक्ताचा लढा' म्हटले जाते, तेव्हा तिची योग्यता गृहीत धरलेली असते. इतिहासलेखकास आपले मत असण्याचा व ते मांडण्याचा अधिकार आहे. मात्र ते मत प्रतिपादनात यावे, विषयाच्या नावात दडवू नये. 'वेदोक्त प्रकरण' ही संज्ञा या दृष्टीने अधिक समतोल आहे.

५. 'जैन' आणि 'हिंदू' : व्याख्येतील लाभ व हानी

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाची मोठी संख्या दिगंबर परंपरेची असून, तीत शेतकरी कुटुंबे मोठ्या प्रमाणावर आहेत. चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ ही येथील परिचित नावे होत. १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा आणि अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे कार्यकर्ते यांमुळे या समाजात शिक्षणाचा प्रसार झाला. त्यामुळे 'जैन म्हणजे व्यापार करणारा समाज' ही अन्यत्र सहज खपून जाणारी व्याख्या शिरोळ अथवा हातकणंगले तालुक्यातील वाचकाला तत्काळ खोटी वाटते. एका प्रदेशातील निरीक्षणाला लक्षणाचा दर्जा देणे, हा व्याख्येतील नेहमीचा दोष आहे.

'जैन' व 'हिंदू' यांच्या संबंधाचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेच न्यायालयापुढे आला. १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिरप्रवेश कायद्यान्वये जैन मंदिरांतही प्रवेशाचा हक्क मिळतो काय, असा वाद सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथील जैन मंदिरावरून निर्माण झाला. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी या प्रश्नावर १९४८ पासून अन्नधान्याचा त्याग केला होता. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाने असा निर्णय दिला की, सदर कायद्याने हरिजनांना इतर हिंदूंइतकेच हक्क दिले आहेत. ज्या जैन मंदिरात हिंदूंनाच प्रवेशाचा प्रस्थापित हक्क नाही, तेथे तो कायद्याने निर्माण होत नाही. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमातील स्पष्टीकरणात बौद्ध, शीख व जैन धर्मीय तसेच वीरशैव, लिंगायत आदींना त्या कलमाच्या प्रयोजनार्थ हिंदू मानण्यात आले.

हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'जैन हा स्वतंत्र धर्म आहे' असे म्हणणाऱ्या समाजाच्या दृष्टीने हा स्वत्वाचा प्रश्न होता. तीर्थंकरपरंपरा, वेदप्रामाण्याचा अस्वीकार व स्वतंत्र आचारधर्म यांच्या आधारे ती मागणी प्रामाणिकपणे केलेली होती. दुसऱ्या बाजूस, शतकानुशतके देवळाबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने व्याख्येचा संकोच म्हणजे आणखी एक बंद दरवाजा होता. त्याचे गाऱ्हाणेही तितकेच प्रामाणिक होते. न्याय्य व्याख्या करणाऱ्याने यांपैकी एका बाजूची बाब झाकून ठेवता कामा नये. व्याख्येमुळे कोणास काय मिळते व कोणाचे काय जाते, हे नोंदविणे हा व्याख्येचाच भाग मानला पाहिजे.

अल्पसंख्याक दर्जाच्या बाबतीतही काळाचा संदर्भ निर्णायक ठरतो. १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध व पारशी हे पाच समुदाय होते. २००५ मध्ये बाळ पाटील विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जैनांच्या समावेशाबाबत केंद्रास आदेश देण्यास नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समुदायास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे २०१० मध्ये लिहिलेले पुस्तक व आजचे पुस्तक यांतील विधाने भिन्न असणे स्वाभाविक आहे. वर्ष न देता लिहिलेले विधान मात्र दोन्ही काळांत वाचकाची दिशाभूल करते.

६. 'लिंगायत' आणि 'वीरशैव' : धर्म, पंथ की संप्रदाय?

हा वाद महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात आजही जिवंत आहे. इष्टलिंगधारण, अष्टावरण, पंचाचार व षट्स्थल या गोष्टी दोन्ही नावांशी निगडित आहेत. मतभेद उगम व प्रामाण्य यांविषयी आहेत. एका मतानुसार वीरशैव परंपरा रेणुकादी पंचाचार्यांपासून चालत आली असून रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल व काशी ही तिची पीठे होत. 'सिद्धान्तशिखामणि' हा तिचा प्रमाणग्रंथ आणि महात्मा बसवेश्वर हे तिचे थोर सुधारक होत. दुसऱ्या मतानुसार लिंगायत हा बाराव्या शतकात बसवेश्वर व कल्याण येथील शरणांनी प्रवर्तित केलेला स्वतंत्र धर्म असून, वचनसाहित्य हेच त्याचे प्रमाण आहे. वर्णभेद व वेदप्रामाण्य त्यास मान्य नाही. तिसरे मत दोन्ही नावे समानार्थी मानते. मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' या ग्रंथामुळे ही परंपरा मराठी भाषकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. त्यामुळे मराठी कोशकारास हा केवळ शेजारच्या राज्याचा प्रश्न मानता येत नाही.

मार्च २०१८ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने लिंगायत तसेच बसवतत्त्व मानणाऱ्या वीरशैव लिंगायतांना धार्मिक अल्पसंख्याक दर्जा देण्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. शिफारशीच्या शब्दरचनेतच 'वीरशैव लिंगायत' या जोडनावाला एक अट घालावी लागली, यावरून नावातील तणाव ध्यानात येतो.

अशा वेळी 'लिंगायत : हिंदू धर्मातील एक शैव पंथ' अथवा 'लिंगायत : हिंदू धर्माहून भिन्न असा स्वतंत्र धर्म' यांपैकी कोणतेही एक वाक्य कोशात घातले की वादाचा निकाल पहिल्या पाच शब्दांतच लागतो. 'पंथ', 'संप्रदाय', 'धर्म' हे जातिवाचक शब्द व्याख्येत निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात सर्वाधिक भार तेच वाहत असतात. यावर उपाय म्हणजे वादातीत लक्षणांनी आरंभ करणे व जातिवाचक शब्दाविषयीचा मतभेद त्यानंतर स्वतंत्रपणे नोंदविणे.

'जंगम' या नावाबाबत आणखी एक अडचण आहे. लिंगायत समाजातील गुरुवर्गास जंगम म्हणतात. दुसरीकडे महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'बेडा जंगम, बुडगा जंगम' अशी नोंद आहे. शब्दसाम्यावरून दोन समूह एकच मानणे अथवा नोंदवहीत केवळ 'जंगम' लिहून मोकळे होणे, या दोन्ही गोष्टींमुळे कोणाचा तरी हक्क डावलला जाण्याचा संभव असतो.

७. परनामे : 'मानभाव', 'नास्तिक', 'नवबौद्ध' इत्यादी

काही नावे इतरांनी दिलेली असतात. महानुभाव पंथाचे 'मानभाव' हे रूप मराठीत दीर्घकाळ हेटाळणीच्या अर्थाने वापरले गेले. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत असल्यामुळे बाहेरच्या वाचकांना ते उपलब्ध नव्हते. परिणामी पंथाविषयीच्या ऐकीव कल्पनाच व्याख्या म्हणून रूढ झाल्या. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय व्याख्या करू नये, हा धडा यातून मिळतो.

'नास्तिक' हा शब्द वेगळ्या प्रकारचा आहे. भारतीय दर्शनांच्या वर्गीकरणात वेदप्रामाण्य न मानणारी दर्शने ती नास्तिक, असा त्याचा पारिभाषिक अर्थ आहे. त्या अर्थाने चार्वाक, जैन व बौद्ध ही नास्तिक दर्शने होत. व्यवहारात मात्र 'देव न मानणारा', प्रसंगी 'नीती न मानणारा' असाही अर्थ घेतला जातो. पाठ्यपुस्तकात 'जैन दर्शन नास्तिक आहे' असे विनास्पष्टीकरण लिहिल्यास विद्यार्थी पारिभाषिक विधान वाचतो आणि दूषण म्हणून समजतो. वर्गातील जैन वा बौद्ध विद्यार्थ्याला त्याचा त्रास सोसावा लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर 'नवबौद्ध' ही संज्ञा प्रशासनात रूढ झाली. सवलतींच्या योजनांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असा शब्दप्रयोग होत असल्याने तिला प्रशासकीय उपयोग आहे. तथापि 'नव' या उपपदामुळे आपले बौद्धत्व दुय्यम ठरते, असा अनेकांचा आक्षेप असून ते स्वतःस केवळ 'बौद्ध' म्हणवतात. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश करणारी सुधारणा झाली. योजनेचे नाव उद्धृत करताना 'नवबौद्ध' व समाजाविषयी लिहिताना 'बौद्ध' असा विवेक ठेवणे सहज शक्य आहे.

हाच विवेक जुन्या संस्थानामांना लागू पडतो. कोल्हापुरात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या मोहमेडन एज्युकेशन सोसायटीच्या नावातील 'मोहमेडन' हा शब्द त्या काळी सर्वमान्य होता. पैगंबरांची उपासना केली जात नाही, म्हणून हे नाव धर्माचे यथार्थ वर्णन करीत नाही, या कारणाने तो पुढे मागे पडला. संस्थेचे ऐतिहासिक नाव बदलू नये. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'मुस्लिम' अथवा 'मुसलमान' हे आत्मनाम वापरावे.

८. संदिग्ध संक्षेप

नावांइतकीच गफलत संक्षेपांमुळे होते. जागा वाचविण्यासाठी नोंदवह्या, पत्रिका व कोश यांत एकदोन अक्षरी संक्षेप वापरले जातात. लिहिणाऱ्यास व त्याच्या समकालीन वाचकास त्यांचा अर्थ ठाऊक असतो; पन्नास वर्षांनी तो ठाऊक असेलच असे नाही. काही उदाहरणे पुढीलप्रमाणे देता येतील.

दि. – दिनांक, दिवंगत, दिगंबर. 'दि. जैन' या लेखनात तिसराच अर्थ अभिप्रेत असतो.
ह. – हजरत. 'ह. भ. प.' मध्ये हरि, तर 'ह. मु.' मध्ये हल्ली.
हि. – हिजरी, हिंदी. अनुस्वारासह 'हिं.' लिहिल्यास हिंदू व हिंदी असे दोन अर्थ संभवतात.
सं. – संत, संपादक, संवत, संस्कृत.
आ. – आचार्य, आमदार, आवृत्ती.
म. – महात्मा, महाराज. जातीच्या रकान्यात मराठा, महार वा माळी यांपैकी काय, ते एकट्या अक्षरावरून ठरविता येत नाही.
वी. – 'वी. नि. सं.' मध्ये वीर निर्वाण संवत, म्हणजे भगवान महावीर, 'वी. लिं.' मध्ये वीरशैव.
बी.सी. – इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात ख्रिस्तपूर्व, तर वसतिगृहाच्या संदर्भात मागासवर्गीय.

यांपैकी बहुतेक संदिग्धता संदर्भाने दूर होतात. खरी अडचण विस्तारातच वाद दडलेला असतो तेव्हा येते. 'वी. लिं.' याचा विस्तार 'वीरशैव लिंगायत', 'वीरशैव-लिंगायत' अथवा 'वीरशैव व लिंगायत' असा करता येतो. पहिल्यात एक शब्द दुसऱ्याचे विशेषण होतो, दुसऱ्यात दोन्ही समकक्ष होतात, तिसऱ्यात दोन भिन्न समूह निर्माण होतात. त्याचप्रमाणे जुन्या दाखल्यावरील 'हिं. लिं.' अथवा 'हिं. जैन' या नोंदींचा विस्तार करताना पहिले पद धर्म व दुसरे जात असे मानावयाचे की केवळ त्या वेळच्या छापील रकान्याची ती सोय होती, हा प्रश्न उरतो.

आज जुन्या नोंदवह्यांचे संगणकीकरण होत असताना या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे. माहिती भरणाऱ्याने आपल्या समजुतीनुसार संक्षेपाचा विस्तार केला आणि मूळ लेखन जपले नाही, तर अंदाजाला पुराव्याचे रूप येते. यास्तव मूळ संक्षेप जसाच्या तसा नोंदवावा आणि केलेला विस्तार चौकटी कंसात, शंका असल्यास प्रश्नचिन्हासह, स्वतंत्र रकान्यात द्यावा.

९. न्याय्य व्याख्येची सूत्रे

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूत्रे मांडता येतात.

१) आत्मनामास अग्रक्रम द्यावा, परनाम दिल्यास ते कोणी व कोणत्या अर्थाने वापरले ते सांगावे.
२) आरंभ सर्व पक्षांना मान्य असलेल्या लक्षणांनी करावा.
३) 'धर्म', 'पंथ', 'संप्रदाय', 'जात' यांपैकी कोणता शब्द लागू करावा हाच वाद असेल, तर तो वाद म्हणूनच नोंदवावा.
४) प्रत्येक पक्षाची भूमिका त्या पक्षातील जाणकाराने वाचून 'होय, आमचे म्हणणे हेच आहे' असे म्हणावे, अशा शब्दांत मांडावी.
५) कायदेशीर व्याख्येसोबत अधिनियमाचे नाव, वर्ष व प्रयोजन द्यावे.
६) व्याख्येमुळे होणारे लाभ व हानी कोणास पोहोचतात, ते लपवू नये.
७) संक्षेप प्रथम उल्लेखाच्या वेळी पूर्ण लिहावा, मूळ कागदातील संक्षेप अंदाजाने विस्तारू नये.

या सूत्रांनुसार एक नमुना नोंद पुढीलप्रमाणे होऊ शकेल : "लिंगायत – शरीरावर इष्टलिंग धारण करणारा, मुख्यतः कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा व आंध्र प्रदेश येथील शिवोपासक समाज. बाराव्या शतकातील बसवेश्वर व शरण यांना या समाजात अत्यंत आदराचे स्थान आहे. 'वीरशैव' हे नाव काही अनुयायी समानार्थी मानतात, काही मानत नाहीत. हिंदू धर्मांतर्गत परंपरा की स्वतंत्र धर्म, याविषयी अनुयायांत मतभेद आहेत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ त्यांना लागू आहे. स्वतंत्र धार्मिक अल्पसंख्याक दर्जाची कर्नाटक मंत्रिमंडळाची २०१८ मधील शिफारस केंद्राने स्वीकारली नाही." ही नोंद एका वाक्याच्या व्याख्येपेक्षा लांब आहे, पण ती वाचून कोणत्याही पक्षास आपले म्हणणे वगळले गेले असे वाटू नये.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सर्वांची मते देत बसल्यास सत्यासत्याचा निर्णय कधीच होणार नाही. हा आक्षेप अंशतः योग्य आहे. ग्रंथाचा काळ, शिलालेखाचे वाचन, अधिनियमाचा मजकूर या गोष्टी पुराव्याने ठरतात. तेथे 'दोन्ही बाजू' देण्याची गरज नाही. तसेच एखाद्या समूहास अपमानित करणारे नाव आणि त्या समूहाचे आत्मनाम यांना समान तोलणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. मतभेद नोंदविण्याचे सूत्र श्रद्धा, स्वत्व व वर्गीकरण यांच्या क्षेत्रापुरते आहे. तेथे लेखकास निर्णय द्यावयाचा असेल, तर तो आपल्या नावाने व कारणांसह द्यावा. व्याख्येच्या आडून देऊ नये.

१०. निष्कर्ष

१) धर्मनाम हे आत्मनाम, सिद्धान्त, कायदा व परनाम अशा चार पातळ्यांवर वावरते. पातळी स्पष्ट न केल्यास व्याख्या अन्यायकारक ठरण्याचा संभव असतो.
२) वेदोक्त प्रकरण, जैन मंदिरप्रवेशाचा वाद व लिंगायत-वीरशैव मतभेद यांवरून असे दिसून येते की, व्याख्येचा वाद हा बहुधा हक्काचा व सन्मानाचा वाद असतो.
३) संक्षेपांचा विस्तार ही लेखनिकाची किरकोळ बाब नसून अर्थनिर्णयाची कृती आहे, म्हणून मूळ लेखन जतन करणे अनिवार्य आहे.
४) वर्ष, प्रयोजन व वक्ता या तीन गोष्टी सांगितल्यास बहुसंख्य व्याख्या न्याय्य करता येतात.

महाविद्यालयीन ग्रंथालये, शालेय कार्यालये व संशोधन केंद्रे यांनी आपापल्या वापरातील संक्षेपांची सूची तयार करून ती नोंदवहीच्या आरंभी लावली, तरी या दिशेने पहिले पाऊल पडेल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. पुढे तो कागद ज्याच्या हाती पडेल, त्याच्या विषयीची थोडी काळजी मात्र लागते.